डावा कान

लाल, हरभऱ्याच्या डाळीएवढा, नीट गोल असा तो ठिपका फोटोशेजारी पांढऱ्या भिंतीवर चिकटलेला होता, आणि भानुदासला आधी वाटलं, कुणा बाईने तोंड धुताना आरशावर लावून ठेवावी तशी टिकली इथे लावली आणि ती विसरून गेली — बायका विसरतात. इंदापुरातल्या स्टुडिओच्या आरशावरून बत्तीस वर्षांत अशा किती टिकल्या त्याने खरवडून काढल्या होत्या, स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी नटून आलेल्या मुलींच्या, त्यांच्या आयांच्या, मावश्यांच्या — त्यामुळे त्याचं नख आपण होऊनच पुढे गेलं आणि ठिपक्याच्या कडेखाली शिरलं.

“बाबा, हात नका लावू,” मागून कुणीतरी हळू म्हणालं. काळ्या सदऱ्यातला एक तरुण होता, त्या प्रदर्शनाच्या दालनातलाच. “तो फोटो विकला गेलाय, म्हणून लावलंय ते.”

“हा फोटो?”

“हो.”

भानुदासने नख मागे घेतलं आणि फोटोकडे पुन्हा पाहिलं. समुद्र असावा, किंवा ताडपत्री. हललेला होता एवढं नक्की. असा फोटो आपल्या हातून निघाला असता तर आपण गिऱ्हाइकाला चहा पाजला असता, खुर्चीवर परत बसवलं असतं आणि काही न बोलता दुसरा काढून दिला असता… आणि इथे तो कुणीतरी विकत घेतला होता, घरी नेणार होता, भिंतीवर लावणार होता, आल्यागेल्याला दाखवून म्हणणार होता — काय म्हणणार होता? दाराशी एका टेबलावर अभिप्रायाची वही होती. भानुदासने खिशातलं पेन काढलं आणि शाळेत घटवलेल्या अक्षरात लिहिलं, ‘फोटो मोठे आहेत. मांडणी स्वच्छ. फोकसकडे लक्ष द्यावे. — भा. ध. चंदनशिवे, प्रियदर्शनी फोटो स्टुडिओ, इंदापूर.’

“इथं हाय का तुमचा?” त्याच्या बायकोने, करुणाने, बाकावरून विचारलं.

“न्हाय.”

“मग चला,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून उठलीसुद्धा.

हे तिचं सकाळपासून असंच चाललं होतं. दारातून आत आली की ती एकदा भराभर चारी भिंतींवरून नजर फिरवायची, बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करावी तशी, आणि मग निवांत होऊन बाक शोधायची. फोटो बघायची पद्धत ही नव्हे, असं भानुदासला वाटत होतं. पण तिचे गुडघे दुखत होते, आणि मुळात ती आली हेच पुष्कळ होतं.

आलो कशाला, तर — हे त्याने मुंबईत राहणाऱ्या मुलीलाही धड सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनी बारामतीला शिकली आणि इथल्या बँकेत लागली. आज शनिवार असूनही तिला काम होतं, म्हणून सकाळी दहाला तिने दोघांना काळ्या घोड्याच्या चौकात गाडीतून उतरवलं आणि पाचला इथेच न्यायला येते म्हणाली. “पप्पा, समोर संग्रहालय आहे, तिकीट काढून देऊ?” तो म्हणाला, नको, आम्ही फोटो बघत हिंडणार, फुकट असतात. तिला वाटलं, वय झालं. झालं असेल, पण सायंकाळी तिचा हात धरून तिला एका भिंतीपुढे उभं करायचं आणि काहीच बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तिनेच मग म्हणावं — पप्पा, हे तर तुम्ही.

दोन वर्षांपूर्वी वृषाली नावाची एक मुलगी इंदापुरात आली होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या जुन्या फोटो स्टुडिओंचे फोटो काढत हिंडत होती. फोटोवाल्याचा फोटो काढायला कुणी येतं, हीच गोष्ट भानुदासला इतकी न्याय्य वाटली, की त्याने त्या दिवशी दुकानात आलेल्या दोन पासपोर्टवाल्यांना उद्या या म्हणून परत पाठवलं. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला काळा कोट अंगात घातला. मागे काश्मीरच्या चित्राचा पडदा लावला. दीड तास तो त्या कोटात काश्मीरपुढे उभा होता, हनुवटी किंचित खाली, खांदे सैल, नजर भिंगाच्या जरा वर… त्या पोरीला काही शिकवायची गरजच पडली नाही, सगळं आपलं आपणच केलं. आणि आता याच सोमवारी तिचा निरोप आला — काका, मुंबईत प्रदर्शन लागतंय, काळ्या घोड्याजवळ, रविवारपर्यंत आहे, तुमच्या स्टुडिओतला फोटो निवडलाय, काकूंना घेऊन नक्की या, प्रवेश मोफत. खाली एक कार्ड होतं. ते उघडेना, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. पण कार्डाची वाट कोण बघतो. त्याने संध्याकाळच्या आत तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या हिंदुरावला सांगितलं, म्हणजे नगरपालिकेला, एसटी स्टँडला आणि निमगाव केतकीपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना सांगितल्यासारखंच. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतला तर निरोपही नाही, कार्डही नाही, त्या मुलीचा नंबरही नाही.

“मेमरी भरली व्हती,” करुणा झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती. “म्या पुसलं समदं. गुड मॉर्निंगचीच निघाली सहाशे.”

त्यानंतर दोन दिवस त्याने डबा दुकानातच खाल्ला. मग म्हणाला, काळा घोडा म्हणजे केवढा असतो, हिंडून सापडेल. मुलीला विचारलं असतं तर तिने फोनवर दोन बोटांत शोधून दिलं असतं, हे त्याला कळत होतं. पण ज्याचा फोटो लागलाय त्यानेच, माझा फोटो कुठं लागलाय हो, म्हणून विचारत फिरायचं…

पुढच्या ठिकाणी काचेचं दार होतं आणि दाराशी निळ्या गणवेशातला माणूस. तिकीट नसण्याचा हा एक त्रास होता. तिकीट असलं की माणूस ते दाखवतो आणि ताठ मानेने आत जातो. फुकटात आत जाताना मात्र आपण कोण, आपल्या पायात काय, पिशवीत भाकरी आहे हे बाहेरून दिसतं का, सगळं आठवतं. “फोटो बघायला आलोय,” भानुदास त्या माणसाला म्हणाला. त्याने काही विचारलं नव्हतं. मग भानुदासने दार आत ढकललं. ते बाहेर ओढायचं होतं.

आत माणसांचे चेहरे होते, एकेक चेहरा दारावरच्या पडद्याएवढा. म्हातारे, म्हाताऱ्या. सुरकुत्या अशा, की तिफणीने काकऱ्या पाडल्यात. भानुदासला त्या म्हाताऱ्यांची दया आली. निगेटिव्हचे दिवस होते तेव्हा टोक काढलेल्या पेन्सिलीने तो अशी एकेक सुरकुती भरून काढायचा. शेळगावच्या एका आजींना त्याने इतकं गुळगुळीत केलं होतं, की घरच्यांनी फोटो मावशीचा समजून परत आणला. आणि इथे… शिवाय निम्मे चेहरे बाजूने काढलेले. एक डोळा, अर्धं नाक. माणसाची ओळख पटायची तर दोन्ही कान दिसले पाहिजेत. हा सरकारचा नियम होता, पण भानुदासचा त्यावर सरकारपेक्षा जास्त विश्वास होता. कान झाकून बसलेल्या नव्या नवऱ्यांचे पटके त्याने स्वतः मागे सारले होते, आमदारकीला उभ्या राहिलेल्या एका इसमाला त्याने सुनावलं होतं, साहेब, एक कान दिसतोय, मतं निम्मी पडतील. खरं म्हणजे हे वाक्य त्या वेळी त्याला सुचलं नव्हतं. करुणा मागून पुटपुटली होती, आणि त्याने ते मोठ्याने म्हटलं. साहेब हसले होते, आणि फोटो फार उत्तम आला होता.

हे आत्ता का आठवलं, त्याला कळेना.

“इथंबी न्हाय,” करुणा म्हणाली. तिने चप्पल काढून पाय गार फरशीवर टेकवले होते. समोर सात फुटांची एक म्हातारी तिच्याकडे बघत होती, आणि ती म्हातारीकडे. “हिला कुणी तरी पाणी द्या म्हणावं,” ती म्हणाली, आणि निघताना वहीत तिनेही लिहिलं. भानुदासने डोकावून वाचलं. ‘आत छान गार आहे. बसायला सोय आहे. करुणा.’

“असं लिहित्यात व्हय?”

“खरं तेच लिहिलंय. तुमच्यावानी कुणाच्या चुका काढल्या न्हाईत.”

त्याच्या पुढचं ठिकाण एका गल्लीत, जुन्या गोदामात होतं, आणि तिथे मात्र भानुदास पहिल्याच फोटोपुढे थांबला. लहान लहान फोटो होते, काळेपांढरे, हाताने धुतलेले. त्याने चष्मा वर करून, नाक काचेला लागेपर्यंत वाकून पाहिलं. तो काळा… तो काळा रंग मशीनमधून येत नाही. तो टबमधून येतो, अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कागद हलवत हलवत, आणि बाहेर कधी काढायचा हे घड्याळ सांगत नाही. मी तो काळा आणायचो, त्याला वाटलं, माझ्या डार्करूममध्ये, इंदापुरात, लाइट गेली तर बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद बांधून —

“औषध ताजं व्हतं ह्याचं,” करुणा त्याच्या खांद्याजवळून म्हणाली. ती बाकावर बसली नव्हती, हे त्याने आत्ता पाहिलं. “आणि धुतलंय बी भरपूर. न्हायतर कडंला पिवळं पडलं असतं.”

तिने काचेपुढे बोट धरलं. त्या बोटाचं नख त्याला दिसलं. आता ते चांगलं होतं, गुलाबी. पण तेव्हाची पंधरा-सोळा वर्षं तिची नखं तपकिरी होती, तपकीर ओढल्यासारखी, आणि हळदीकुंकवाला नव्हे, पण आपल्या वस्तीतल्या नामकरणाला, साक्षगंधाला गेली तरी ती पदराखाली हात धरायची. कारण औषधाच्या टबात कागद हलवायला ती असायची. तो बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असायचा. बोलायला कुणीतरी लागतंच. माझी डार्करूम, असं तो अजून म्हणत होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे चारशे फोटो एका दिवसात द्यायचे असत. ती आत जायची ती जेवायलाच बाहेर यायची, डोळे मिचकावत, आणि म्हणायची, कुणाच्या मोटारीवर बसला व्हता तुमी, समदे वाकडे आल्यात. आणि तरी ते द्यायच्या वेळेला सरळ असत. ते सरळ कसे होत, हे विचारायला त्याला बत्तीस वर्षांत वेळ मिळाला नाही.

गल्लीतून बाहेर पडल्यावर ऊन लागलं. हिंदुरावचा फोन येऊन गेला होता, दोनदा. हिंदुरावला फोटोचा फोटो हवा होता — भिंतीवरचा भानुदास आणि त्याच्याशेजारी उभा भानुदास, एकाच फोटोत. “म्हंजे कुणी शंका काढायला नगं,” तो म्हणाला होता. शंका हिंदुरावशिवाय दुसरं कोणी काढणार नव्हतं.

त्यानंतरची इमारत जुनी होती, दगडी, आणि दाराशी स्टुलावर एक पाटी टेकवून ठेवलेली. इंग्रजी अक्षरं बारीक, राखाडी रंगात. भानुदास चष्मा पुसत होता तेवढ्यात करुणा पुढे झाली, तिने ती वाचली असावी, आणि पाटीपुढेच उभी राहिली.

“हितं नगं. बंद दिसतंय.”

“माणसं तर चाललीत वर.”

“दुसरा मजला हाय. माझं गुडघं…”

“लिफ्ट हाय की.”

“बंद असंल.”

लिफ्ट तेवढ्यात खाली आली आणि तिचं दार उघडलं. करुणाने लिफ्टकडे अशा नजरेने पाहिलं, की ती लिफ्ट चंदनशिव्यांच्या घरातली असती तर ओशाळून मिटली असती. “तुमी बघून या,” ती म्हणाली. “मी बसते हितं.” रखवालदाराने आपलं दुसरं स्टूल सरकवून दिलं. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

भानुदास जिन्यानेच गेला. लिफ्टमध्ये शिरून माणूस एकदम दारात उभा राहतो. जिन्याने जाताना मनाची तयारी होते.

आत गेल्याबरोबर त्याला कळलं, हेच. पहिल्या भिंतीवर भिगवणचा एक स्टुडिओ होता, मालक खुर्चीवर, मांडीवर बंद पडलेला कॅमेरा. त्याच्या शेजारी मोहोळचा. त्याच्या शेजारी टेंभुर्णीचा, ह्याला तर तो ओळखत होता, पोट फार सुटलं होतं त्याचं. सगळे समोर बघत होते, सगळ्यांचे दोन्ही कान दिसत होते. पोरीला आपण शिकवलं ते वाया गेलं नाही. भानुदासने सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आता पुढच्या भिंतीवर आपण असणार, अशा बेताने तो हळूहळू, दुसऱ्यांचे फोटोही नीट बघत, घाई न दाखवता पुढे गेला. पुढच्या भिंतीवर तो नव्हता. त्याच्या पुढच्याही. मधल्या मोठ्या भिंतीवर एकच फोटो होता, सगळ्यात मोठा, कमरेपासून डोक्याच्या वर जाणारा, आणि त्यात एक बाई होती — ती ओळखीची वाटली आणि तो पुढे गेला. दोन पावलं गेल्यावर थांबला.

करुणा होती.

तिच्या हातात थर्माकोलचा तो कोपरा तुटलेला तुकडा होता, उजेड चेहऱ्यावर टाकायला धरतात तो. त्या दिवशी ती तो भानुदासच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून धरून उभी होती. पण हात दमला असावा, थर्माकोल तिच्याच बाजूला कलला होता, आणि सगळा उजेड तिच्यावर आला होता. पदर खोचलेला. मागे काश्मीर. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. डाव्या बाजूला कुणाच्या तरी पाठीकडे बघत होती आणि हसू दाबत होती, ओठ मिटून, एका गालाने. का, हे त्याला लगेच कळलं. कोट त्याला मोठा होत होता. समोरून अंगाबरोबर दिसावा म्हणून तिने मागे कपड्यांचे चिमटे लावले होते, पाच का सहा. तो हनुवटी खाली करून भिंगाच्या जरा वर बघत होता, आणि पाठीवर चिमटे.

आणि तो? तो कुठे होता? फोटोच्या अगदी डाव्या कडेला काळ्या कोटाचा एक खांदा होता, धुरकट. आणि खांद्याच्या वर एक कान. डावा.

भानुदासने उरलेला भानुदास शोधला. चौकटीच्या बाजूने पाहिलं, जणू तो मागे दुमडला असेल. दुसऱ्या खोलीत गेला. तिथे कॅमेरे आणि जुने पडदे होते. परत आला. टेबलाशी एक मुलगी बसली होती.

“चंदनशिवे कुठं लावलेत?” त्याने विचारलं.

तिने यादी पाहिली. “करुणा चंदनशिवे ना? तो काय, समोरच.”

“करुणा न्हाय. भानुदास.”

“भानुदास नाव नाहीये यादीत.”

“हाय की मी त्यात,” तो म्हणाला, आणि मग सांगणं भागच होतं. “तो कान माझा हाय.”

मुलीने फोटोतल्या कानाकडे पाहिलं. मग त्याच्या कानाकडे पाहिलं. त्याने सवयीने मान थोडी वळवून दिली. “हो,” ती गंभीरपणे म्हणाली. “तोच आहे.”

तो परत फोटोपुढे जाऊन उभा राहिला, कारण लगेच निघून गेलो तर राग आला असं दिसेल. राग आलाच होता. दीड तास! दीड तास उभा राहिलो मी, दोन गिऱ्हाइकं घालवली, आणि त्या पोरीने… माझं सगळं झाल्यावर, की माझं चालू असतानाच? चालू असतानाच. मी समोर बघत होतो आणि ती माझ्या बाजूला बघत होती. हिंदुरावला काय सांगू? कान सांगू? त्याने चूक शोधायला सुरुवात केली. चूक सापडली की बरं वाटेल. उजेड — उजेड बरोबर होता. इतका बरोबर, की त्याने स्वतः तो असा कधी पाडला नसता, पाडता आला नसता. हात हललेला नाही. डोळे मिटलेले नाहीत. पडद्याची शिवण दिसत होती, पण ती दिसली तरी चालत होती. चांगला होता. त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. चांगलाच होता. आणि मग, चुका संपल्यावर, बघायला ते हसूच उरलं.

हे हसू मी पाहिलेलं नाही.

पोरं आपल्या स्टुडिओत रडत नाहीत, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. बारामतीचे लोकसुद्धा पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढायला इंदापूरला येत. भानुदासरावांचा हात गुणी आहे, म्हणत. तो कॅमेऱ्यामागे आणि त्याच्या मागे, दोन हातांवर, करुणा. खुळखुळा वाजायचा हे त्याला ऐकू यायचं. पण खुळखुळ्याबरोबर ती तोंडं कशी करत होती, पोरं तिच्याकडे बघून हसायची तेव्हा ती कशी दिसायची, ते त्या सगळ्या पोरांनी पाहिलं होतं, आयांनी पाहिलं होतं. त्याची पाठ होती तिकडे. बत्तीस वर्षं पाठ होती. फोटो काढायला असं उभं राहावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही… नव्हता… पण ही पोर एका दिवसासाठी आली, आणि तिला दिसलं.

खाली उतरताना त्याने ठरवलं, सांगायचं नाही. का, ते त्याने नीट ठरवलं नाही.

“हाय का?” करुणाने विचारलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “दुसऱ्याच कुणाचं हाय.”

आणि तिचे खांदे खाली आले. अगदी थोडे, दुसऱ्या कुणाला दिसले नसते. पण खांदे सैल सोडा, हे वाक्य ज्याने आयुष्यात चाळीस हजार वेळा म्हटलंय, त्याला सैल झालेला खांदा दिसतो. ती घाईने पिशवी उघडत होती. “नसंल तर नसंल. रविवारच्या आत काढला असंल त्यांनी. भाकरी खाऊन घ्या, चार वाजत आले. हिंदुरावास्नी सांगू, परदर्शन उठलं म्हणून.”

“तू पाटी वाचलीस ती,” भानुदास म्हणाला.

तिने भाकरीचं फडकं बाहेर काढून मांडीवर सोडलं.

“करुणा, कार्ड पुसलं ते मेमरी भरली म्हणून?”

रखवालदार उठला आणि उगाच लिफ्टचं बटण दाबून आला. करुणाने भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, ती गाठ सोडून पुन्हा मारली.

“त्या पोरीनं तवाच दावला व्हता मला,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याच्या मागच्या काचंवर. म्हणली, काकू, हा लय भारी आलाय. म्या म्हणलं, ह्यास्नी दावू नगंस, ह्यांनी सकाळपासनं दाढी करून ठिवलीय. मग कार्ड आलं. उघडलं तर त्यावर बी म्याच. तुमी तवर सगळ्या गावाला सांगून बसला व्हता.”

“मग सांगायचं की.”

“काय सांगायचं? तुमच्या जागंवर म्या लागलेय?”

“मग दिसभर कशाला हिंडलीस माझ्यासंगं? गुडघं धरून.”

“सापडला तर जवळ कुणीतरी नगं व्हय?”

रस्त्याने कॉलेजची पोरंपोरी एकमेकांचे फोटो काढत चालली होती, दर चार पावलांना एक.

“चल वर,” भानुदास म्हणाला. “चांगला हाय.”

“खरं?”

“फोकस बरोबर हाय.”

ती उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. तोही उठला. तेव्हा तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

“तुमी नगा येऊ,” ती म्हणाली. रागाने नव्हे, घरी, दुकानात बसा, मी जेवून येते, असं म्हणायची तसंच. “तुमी शेजारी असला की तुमी बोलत बसता. मला जरा बघू द्या.”

लिफ्टचं दार मिटलं. भानुदास पिशवी घेऊन स्टुलावर बसला. स्टूल अजून ऊबदार होतं.

फोन वाजला. हिंदुराव. “काय भानुदासराव, घावला का?”

“घावला.”

“मोठा हाय का?”

“लय मोठा हाय.”

“मग पाठवा की. हितं चार माणसं बसल्यात वाट बघत.”

भानुदासने लिफ्टकडे पाहिलं. “आत माणूस हाय,” तो म्हणाला. “त्यांचं झालं की सांगतो.” आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आपला फोटो पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला पाठ होता — आधी केस बघतात, मग म्हणतात, मी असा दिसतो का, मग दुसऱ्यांदा बघतात आणि मान्य करतात. फोटोचं पाकीट उघडून हातात दिलं की लोक हेच करतात, कलेक्टर असो की ऊसतोडीची बाई. पण करुणाला असं पाकीट त्याने कधी दिलं नव्हतं. घरात तिचे फोटो होते, लग्नाचा, प्रियदर्शनीच्या पदवीचा, रेशनकार्डाचा. ते तिनेच कापले होते, तिनेच चिकटवले होते. ती काय करत असेल? केस बघेल? हसेल? त्या टेबलावरच्या मुलीला सांगेल, ही मी म्हणून? नाही सांगणार. नुसती उभी राहील, हात मागे बांधून. की रडेल… छे. त्याला सांगता येईना. पंधरा मिनिटं झाली. एवढा वेळ माणूस एका फोटोपुढे काय बघतो? आणि त्या डाव्या कडेच्या धुरकट गोष्टीकडे ती बघेल की नाही बघणार, ही एक क्षुल्लक बाब होती, तरी ती त्याच्या मनातून जाईना. जिन्याने वर जावं, दाराआडून बघावं — तो उठला, पहिल्या पायरीपर्यंत गेला, आणि परत आला. नगा येऊ म्हणाली होती.

“बोलावू का काकूंना?” रखवालदाराने विचारलं.

“नको,” भानुदास म्हणाला. “सावकाश होऊ द्या.”

लिफ्टवरचा आकडा दोनवरून एकवर आला. भानुदास उभा राहिला. दार उघडेल तेव्हा समोर आपणच असणार, आणि आपला चेहरा कसा असावा… हनुवटी वर की खाली, हसावं की न हसावं… हे आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं, एका वाक्यात, क्षणाचाही विचार न करता. आता आकडा खाली येत होता आणि त्याला काही सुचत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे, सुचायला हवंच असंही वाटत नव्हतं.